मामी म्हणून दाखव

माझ्या मुलीचं नाक चोंदलं की तिच्या बोलण्यातला 'म' जातो आणि त्याच्या जागी 'ब' येऊन बसतो. 'न'चा 'द' होतो. मामी म्हणायचं असलं तर ती 'बाबी' म्हणते आणि नको म्हणायचं असलं तर 'दको'. नाकाला पाणी सुटण्याच्या कितीतरी तास आधी हे सुरू होतं. घरात थर्मामीटर आहे, पण मी कधी तो शोधत बसत नाही. सकाळी तिला "मामी म्हणून दाखव" म्हटलं की पुढच्या चार दिवसांचा अंदाज येतो. ती पाच वर्षांची आहे, तिला हा खेळ वाटतो; तिच्या मामीलाही तो माहीत आहे. गेल्या हिवाळ्यापर्यंत मलाही तो खेळच वाटत होता.

त्या रविवारी सकाळी तिनं अंथरुणातच डोळे चोळत विचारलं, "आई, आज बाबीकडं जाचं दा?"

त्या दिवशी माझ्या भावाच्या मुलीचं नामकरण होतं. भाऊ माझ्याहून धाकटा, तामसीच्या तहसील कार्यालयात कारकून आहे आणि तिथून जवळच्याच गावात राहतो. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हा कुठे घरात पाळणा हलला. तोही सुखासुखी नाही. बाळ आठव्या महिन्यातच जन्माला आलं. आदिलाबादच्या दवाखान्यात सव्वीस दिवस ते काचेच्या पेटीत होतं, अंगाला नळ्या लावून. मी आदिलाबादमध्येच एका मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे रोज शाळा सुटली की दवाखाना गाठायची. काचेपलीकडे ती एवढीशी छाती वरखाली होताना बघायची आणि घरी यायची. कुणी बोलायचं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं की जे काही आहे ते त्या छातीत आहे. तिथली फुप्फुसं अजून पुरती तयार नव्हती.

घरी सोडताना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी भावाला दारात थांबवून सांगितलं, "दग्गु वाले दग्गर नक्को!" दग्गु म्हणजे तेलुगूत खोकला आणि दग्गर म्हणजे जवळ. खोकणाऱ्याला बाळाजवळ येऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, पण अर्धं तेलुगू आणि अर्धं आमच्या बाजारातलं हिंदी मिळून त्याचा असा काही झोक झाला की भाऊ ते वाक्य घोकतच घरी गेला. कॅलेंडरच्या पानाच्या मागं त्यानं ते मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि बाहेरच्या दाराला चिकटवलं. गावातली पोरंसोरं जातायेता ते वाचून ओरडायची. आमच्या घरात त्या वाक्याचा कायदा झाला होता. बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत नामकरणसुद्धा लांबवलं होतं, ते त्याच्यामुळेच.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्या स्वभावातून झालं. मी फटकळ आहे. लोक स्पष्टवक्ती म्हणतात, पण ते माझ्यासमोर. वर्गात एखादं शेंबडं लेकरू दिसलं की मी त्याच्या आईला बोलावून घेते आणि चारचौघांत विचारते, "लेकरू आजारी हाय तं शाळेत काऊन पाठवलं?" त्या बायका मान खाली घालतात. कुणी रोजावर जाणारी असते, घरी लेकराला बघायला कुणी नसतं, हे मला कळत नाही असं नाही. माझे आजोबासुद्धा दुसऱ्याच्या शेतावर राबले. तरी मी बोलते. भावजयीलासुद्धा त्या नऊ वर्षांत मी असंच खूप काही बोलले होते. दवाखान्यात दाखवलं का, कुठल्या डॉक्टरला दाखवलं, रिपोर्ट काय आले, हे सगळं लग्नाकार्यात, पंगतीत, दहा बायकांच्या पुढ्यात. आई गेल्यापासून घरातली मोठी बाई मीच, तेव्हा विचारणं माझं कामच आहे असं मला वाटायचं. भावजय "हो ताई" म्हणायची आणि ताटं उचलायला जायची.

तर त्या सकाळी मी मुलीला उठवून बसवलं आणि म्हटलं, "मामी म्हणून दाखव."

"बाबी," ती हसत म्हणाली.

कपाळ बघितलं तर ताप नव्हता. घसा साफ होता, खोकला नव्हता. नाकाला नुसतं पातळ पाणी, तेही थोडंसं. एरवी मी ढुंकूनही बघितलं नसतं. नवऱ्याला फोन लावला. तो मंचेरियलला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात नोकरीला आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. तो म्हणाला, "नेऊ नको तिले. खालच्या अक्काजवळ ठेव अन् तूबी जाऊ नको. घरात सर्दी हाय म्हणून सांगून दे."

"तुमी तिथं बसून मले अक्कल शिकवू नका," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

खालच्या मजल्यावरच्या तेलुगू अक्का तर आपण होऊन वर आल्या. त्यांनी मुलीचं नाक पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "जलुबु है ना इसको. छोड के जाओ, मैं देखती." म्हणजे मला सोय नव्हती असं म्हणायलाही जागा नव्हती. सोय पायरीवर उभी होती.

पण नवऱ्याचं 'तूबी जाऊ नको' माझ्या डोक्यात शिरून बसलं होतं. लेक कुठं आहे, असं तिथं पहिल्याच पावलाला विचारणार. सर्दी झाली म्हणून सांगितलं तर पुढचा प्रश्न असणार, ती रात्रभर तुमच्याच कुशीत झोपली ना? आणि मग बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आमच्यात नामकरण वंदना आणि पंचशील घेऊन होतं, पण आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्र करायचं आणि नाव सांगायचं, हे काही सुटलेलं नाही. मी नाही म्हटलं तर चुलतबहीण तयारच होती. नऊ वर्षं मी त्या एका कुर्रसाठी थांबले होते. तो मान दुसरीला जाणार, या विचारानंच माझं डोकं फिरलं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला लाज नाही, राग आला होता. सर्दीचा, नवऱ्याचा, त्या पातळ पाण्याचा राग.

आणि मग मी कायद्यातली पळवाट काढली. दग्गु वाले दग्गर नक्को. दग्गु म्हणजे खोकला. माझ्या लेकीला खोकला कुठं आहे? तिला आहे जलुबु, म्हणजे सर्दी. जलुबुबद्दल नर्सबाई काही बोलल्या नव्हत्या. इतकी वर्षं मुलांना शब्दार्थ शिकवणारी मी बाई, त्या सकाळी शब्दाला असं धरून बसले. मागच्या सर्दीच्या वेळचं औषध कपाटात होतं. त्यातलं अर्धं झाकण मुलीला पाजलं आणि पांढरा फ्रॉक घालून तिला बसस्टँडवर घेऊन गेले.

बस तामसीच्या रस्त्याला लागेपर्यंत नाक वाहायचं थांबलं. चोंदलेलं मात्र तसंच होतं. थंडी होती, सगळ्या खिडक्या बंद होत्या, आणि मला घाम फुटला होता. मी तिला मांडीवर घेऊन हळूच म्हटलं, "तिथं गेल्यावर जास्त बोलाचं नाई हां. कोणी विचारलं तं नुसती मान हलवाची."

"बग काऊद जाऊद राह्यलो आपद?" तिनं विचारलं. मग काऊन जाऊन राह्यलो आपण.

पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. मी मुलीचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. त्या क्षणी बस थांबवून उतरता आलं असतं. परतीची बस अर्ध्या तासात मिळाली असती. मी उतरले नाही.

भावाच्या दारात मांडव होता. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, चुलीवर खिरीचं पातेलं. दारातच एका स्टुलावर साबण आणि पाण्याची बादली ठेवून भाऊ उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो हात धुवायला लावत होता आणि विचारत होता, "दग्गु?" लोक हसत होते, नाही म्हणत होते आणि आत जात होते. एका म्हाताऱ्या मामांना त्यानं खरंच बाहेर खुर्ची टाकून बसवलं होतं. ते खोकत होते आणि स्वतःवरच हसत होते.

"दग्गु?" त्यानं मला विचारलं.

"नाई," मी म्हणाले.

त्यानं मुलीच्या गालाला हात लावला. तिनं शिकवल्याप्रमाणे मान हलवली. आम्ही हात धुतले आणि आत गेलो.

वंदना झाली, पंचशील झालं. बाळाला पाळण्यात ठेवलं. मी वाकले. इतका लहान कान मी कधी इतक्या जवळून बघितला नव्हता. बाळाच्या अंगाला दुधाचा आणि तेलाचा वास होता. मागं बायका जमल्या. कुर्र करताना आत्याच्या पाठीत बुक्के मारायचे असतात आणि नणंदेवरचा सगळा राग काढायची भावजयीला तेवढी एकच संधी असते. बायका तिला ओरडून सांगत होत्या, "मार वो चांगली! नऊ वर्साचं काढून घे!" बाकीच्यांचे बुक्के पाठीत बसले. भावजयीचा हात नुसता टेकला. मी कानात कुर्र केलं, नाव सांगितलं. सांगताना माझाच श्वास बाळाच्या कानावर, गालावर जातो आहे हे मला जाणवलं आणि मी श्वास धरला. नाव अर्धं श्वासाविनाच बोलले. बायकांना वाटलं, आत्याला रडू आलं.

सरळ उभी राहिले तर माझी मुलगी पाळण्याच्या डोक्याशी जाऊन उभी होती. तिनं पाळण्याची दोरी धरली होती. वर मान करून ती भावजयीला म्हणाली, "बाबी, बी हलवू?"

खोलीत इतका गलका होता की दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नाही. मी भावजयीकडे बघितलं. ती माझ्या मुलीकडे बघत होती. मग ती वाकली, बाळाला उचललं आणि पाळण्यात उलट्या बाजूनं ठेवलं, डोकं पलीकडे आणि पाय माझ्या मुलीकडे. "उजेड डोयात येऊन राह्यला तिच्या," ती म्हणाली. मुलीला म्हणाली, "हलव बेटा, हळू हलव." मी सुटकेचा श्वास टाकला. मी खीरसुद्धा दोन वाट्या खाल्ली.

परतीच्या बसमध्ये मुलगी दोनदा शिंकली. त्या दोन शिंका ऐकल्या आणि मग मला भीती वाटायला लागली. ती भीती त्यानंतर पाच दिवस माझ्यासोबत राहिली. भाजी चिरताना, हजेरी घेताना, कपडे वाळत घालताना. फोन वाजला की आधी भावाचं नाव तर नाही ना ते बघायची. सोमवारी मुलीला चांगलीच सर्दी झाली आणि मंगळवारी खोकला आला. आला दग्गु, मी मनात म्हटलं. अक्कांनी तिच्या पाठीला बाम चोळला आणि मला काहीही विचारलं नाही. नवऱ्यानं फोनवर विचारलं, "नेलं होतं का तिले?" मी म्हटलं, "आवाज येऊन नाई राह्यला," आणि फोन बंद केला.

भावाला मी दिवसातून तीन-तीनदा फोन करत होते. कधी खिरीचं पातेलं परत केलं का म्हणून, कधी फोटो पाठव म्हणून. "बाळ कसं हाय?" हे शेवटी, जाताजाता, जणू आत्ताच आठवल्यासारखं विचारायची. "मस्त हाय," भाऊ म्हणायचा. त्या दोन शब्दांवर मी सहा तास काढायची, मग पुन्हा फोन.

बुधवारी वर्गात मुलांना घराचं चित्र काढायला सांगितलं होतं. एका मुलीनं खिडकीतून येणारे उन्हाचे पिवळे पट्टे काढले होते. मी तिची वही हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. भावाच्या त्या खोलीत खिडकी एकच आहे, आणि ती ज्या बाजूला भावजयीनं बाळाचं डोकं फिरवलं त्या बाजूला आहे. आधी उजेड बाळाच्या पायांवर पडत होता. तिनं डोकंच उजेडात नेलं होतं. म्हणजे उजेडाचं कारण खोटं होतं. तिला कळलं होतं. 'बाबी' ऐकताक्षणीच तिला कळलं होतं. वही माझ्या हातातून खाली पडली आणि पोरं हसली.

शुक्रवारी दुपारी भावाचा फोन आला. मी उचलायच्या आधीच मला माहीत होतं.

"ताई, थे दूध घेऊन नाई राह्यली. सकाळपासून दम लागून राह्यला तिले. आमी आदिलाबादले निंगालो."

वर्ग शेजारच्या बाईंवर टाकून मी दवाखान्यात पोचले तेव्हा बाळ तपासणीच्या टेबलावर होतं. अंगावरचं कापड काढलेलं. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता. नाकपुड्या फुगत होत्या. ती रडतही नव्हती, रडायला तिच्याकडे श्वास उरलाच नव्हता. मी भिंतीला टेकून उभी राहिले. जिचं नाव मी पाच दिवसांपूर्वी कानात सांगितलं होतं तिला मी मारलं, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं. दुसरं काहीही नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. ऑक्सिजनचा छोटा मास्क लावता लावता त्यांनी भावाला तेलुगूत प्रश्न विचारला. सगळं वाक्य मला समजलं नाही, पण त्यातला एक शब्द मी स्वच्छ ऐकला. जलुबु. घरात कुणाला जलुबु होता का, जवळ कुणी आलं होतं का. दग्गु नाही, त्यांनी नेमका जलुबु विचारला.

भाऊ ठामपणे म्हणाला, "नाही मॅडम. दरवाज्यात उभं राहून एकेकाला विचारलं मी." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "नाई ना वो कोणाले?"

भावजयीनं मान वर केली. तिनं माझ्याकडे बघितलं. एक क्षणभर. मग तिनं नजर खाली नेली आणि बाळाच्या पायाचा मोजा वर ओढला. ती मला वाचवत होती. बाळाच्या बरगड्या आत जात असताना, डॉक्टर विचारत असताना, ती मला वाचवत होती. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"माह्या लेकीले होता जलुबु," मी म्हणाले. "रविवारी सकाळपासून. मले माहीत होतं."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि कामाला लागल्या. त्यांनी मला ओरडावं असं वाटत होतं. मी तर एवढ्यातेवढ्यावरून आयांना ओरडते. त्या म्हणाल्या, इतक्या लोकांतून कुणाकडूनही आलं असेल, आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. ते ऐकून मला काही बरं वाटलं नाही.

भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. "मी विचारलं होतं तुले, ताई," एवढंच म्हणाला. तू दग्गु विचारला होतास, हे उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं. तो पायऱ्या उतरून बाहेर गेला आणि फाटकाशी पाठमोरा उभा राहिला.

मी आणि भावजय बाकावर बसलो. मधलं दार बंद होतं, पण त्याच्यामागून मशिनची टुकटुक ऐकू येत होती. ती थांबेल की काय म्हणून आम्ही दोघी कान देऊन होतो. मग मी विचारलं, "तुले त्याच दिवशी समजलं होतं ना?"

"हो ताई. बाबी म्हणली ना थे."

"मंग बोलली काऊन नाई? हाकलून द्याचं होतं मले. सगळ्याइच्या समोर हाकलून द्याचं होतं."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग बाकाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "भेव वाटलं."

"बाळाचं?"

"बाळाचं तं वाटतच होतं," ती म्हणाली. "तुमचं वाटलं, ताई."

नऊ वर्षं मी जे जे बोलले होते ते सगळं मला त्या बाकावर एकेक करून ऐकू आलं. पंगतीतलं, लग्नातलं, रिपोर्टचं. पोटच्या पोरीचा जीव एका बाजूला आणि नणंदेचं तोंड दुसऱ्या बाजूला, आणि त्या बाईची नणंदेला 'नाही' म्हणायची हिंमत झाली नाही. बाळाचं डोकं फिरवणं, एवढंच तिला जमलं होतं. तेवढं करतानाही तिला उजेडाचा बहाणा लागला. पाठीत बुक्का मारायची जाहीर परवानगी असतानासुद्धा तिचा हात नुसता टेकला होता. मला रडू फुटलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तोही तसाच, नुसता टेकवलेला.

बाळ सहा दिवस दवाखान्यात होतं. त्या सहा दिवसांत मी आत गेले नाही, बाहेरच्या बाकावरच बसले. मास्क निघाला त्या दिवशी भाऊ बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला. सातव्या दिवशी बाळानं पोटभर दूध घेतलं आणि ते घरी गेलं. आता सगळं ठीक आहे असं सगळे म्हणतात. मी अजून तिच्या छातीकडे बघितल्याशिवाय राहू शकत नाही. शाळेत मी आयांना बोलावणं सोडलेलं नाही, पण आता बाजूला घेऊन विचारते, आणि आधी विचारते की घरी बघायला कोण आहे.

त्यानंतर दोन महिने मी भावाकडे गेले नाही. गेले ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका रविवारी, एकटीच. मुलीला बरं होतं, तिचा 'म' शाबूत होता, तरी तिला अक्कांकडे ठेवलं. दारावरचा तो कागद उन्हानं पिवळा पडला होता. 'दग्गु'च्या पुढं कुणीतरी निळ्या पेनानं 'जलुबु' लिहून टाकलं होतं. अक्षर भावाचं नव्हतं.

भाऊ घरात नव्हता. भावजय बाळाला कडेवर घेऊन दाराशी आली. मी चपला काढल्या आणि नेहमीच्या सवयीनं पाय उंबऱ्यावर ठेवला. ती बाजूला झाली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या, आणि एक हात दाराच्या चौकटीला लावला.

"ताई," ती म्हणाली, "पहिले मामी म्हणून दाखवा."

मी पाय मागं घेतला. माझ्याहून बारा वर्षांनी लहान बाई, माझ्या भावाची बायको, मला माझ्याच माहेरच्या दारात उभी करून शब्द म्हणायला लावत होती. मला राग येईल असं मला वाटलं होतं, पण तो आलाच नाही. अंगणात उभी राहून, वर्गातल्या पोरीसारखी, मी मोठ्यानं म्हणाले, "मामी."

तिनं कान देऊन ऐकलं. "अजून एकदा," ती म्हणाली.

मी अजून एकदा म्हणाले. तेव्हा तिनं चौकटीवरचा हात काढला.